रोखीचे काम आणि तारण ठेवलेले घर

सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावातून २४ वर्षांच्या एका मुलीचे पत्र आले आहे. पुण्यात संगणक अभियांत्रिकीची पदवी घेऊन तिने दोन वर्षे एका कंपनीत नोकरी केली. हातात महिना ४८ हजार रुपये येत होते. आता अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील एका सरकारी विद्यापीठात डेटा सायन्सच्या एम.एस.साठी तिला प्रवेश मिळाला आहे. व्हिसा हातात आहे आणि ऑगस्टमध्ये निघायचे आहे. वडील एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. राहते घर तारण ठेवून ११ टक्के व्याजाने ३८ लाखांचे कर्ज मंजूर झाले आहे. वडिलांच्या एका स्नेह्याचा मुलगा त्याच शहरात राहतो. तो एका दुकानात तासाला ८ डॉलर रोखीने मिळतील असे काम लावून देण्यास तयार आहे आणि ‘सगळेच करतात, कुणी विचारत नाही’ असे त्याचे म्हणणे आहे. कर्ज फीपुरते उचलायचे आणि घरभाडे व जेवणखाण या कामातून भागवायचे, असा हिशेब घरी ठरला आहे. शिवाय पुण्यातल्या जुन्या साहेबांनी रात्रीचे ऑनलाइन काम देऊ केले आहे. तिला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. दुकानातले काम घ्यावे का? प्रवेश एक वर्ष पुढे ढकलावा का? आणि एसटी स्टँडसमोर अभिनंदनाचा फ्लेक्स लागलेला असताना, आई भाजणी दळून आणत असताना, आपल्याला रात्र रात्र झोप लागत नाही हे घरी सांगावे तरी कसे?

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मला विचार करावा लागला नाही. ते काम घेऊ नका. उरलेल्या दोन प्रश्नांसाठी मात्र मी तुमचे पत्र पुन्हा पुन्हा वाचले, कारण त्यांची उत्तरे तुमच्या घरच्या हिशेबात आहेत आणि तो हिशेब मला तुमच्याबरोबर बसून नव्याने मांडावासा वाटतो.

आधी त्या कामाविषयी. एफ-१, म्हणजे विद्यार्थ्यांच्या व्हिसावर आलेल्याला सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला २० तासांपर्यंत आणि सुट्टीत पूर्णवेळ काम करता येते. आवाराबाहेर परवानगीशिवाय केलेले कोणतेही काम, मग ते रोखीचे असो की चेकने पैसे मिळणारे, नियमभंग ठरते. तिकडची मुले ज्याला नुसते ‘स्टेटस’ म्हणतात, तो विद्यार्थी म्हणून तिथे राहण्याचा कायदेशीर दर्जा त्या कामाने जातो. इतर काही चुका झाल्या, उदाहरणार्थ एखाद्या सत्रात विषय कमी घेतले गेले, तर कारण दाखवून स्टेटस परत मिळवण्यासाठी अर्ज करण्याची एक वाट उरते. परवानगीविना नोकरी केली असेल तर ती वाटही बंद होते, आणि इतर चुकांपेक्षा ही चूक मला अधिक धोक्याची वाटते ती यामुळेच. ‘सगळेच करतात’ असे आपल्याला ऐकू येते, कारण ज्यांचे निभावले ते तिथेच राहतात आणि पुढच्यांना सांगतात; ज्यांना सामान आवरून परतावे लागले, ते आपल्या गावी फारसे बोलत नाहीत.

पकडले जाण्याची भीती क्षणभर बाजूला ठेवली, तरीही या कामात आणखी एक धोका असतो आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्यासमोर बसून एका मुलाने सांगितलेले मला अजून आठवते. त्याने एका दुकानात सात आठवडे काम केले आणि त्याला तीन आठवड्यांचे पैसे मिळाले. उरलेले मागितल्यावर मालकाने आवाज न चढवता त्याला एवढेच विचारले, “तू कोणत्या व्हिसावर आहेस?” तो मुलगा पुन्हा पैसे मागायला गेला नाही. काउंटरमागे रात्री अकरापर्यंत एकट्या उभ्या राहणाऱ्या मुलीला असा प्रश्न कुणी विचारावा, हे मला सहन होत नाही.

आता पैशाकडेच पाहू. तासाला ८ डॉलरने आठवड्याला २५ तास उभे राहिलात, तर २०० डॉलर होतात. विद्यापीठाच्या ग्रंथालयात, भोजनगृहात किंवा संगणक कक्षात तासाला १२ डॉलर मिळाले, असे धरले, तर २० तासांचे २४० होतात. केंद्रीय किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर आहे आणि अनेक राज्यांत त्याहून बरेच जास्त आहे, म्हणजे तुम्हाला देऊ केलेला दर फार मोठा नाही. शिवाय एफ-१ वरील विद्यार्थ्याच्या कॅम्पसवरील पगारातून, करदृष्ट्या तो अनिवासी असेपर्यंत, म्हणजे साधारणपणे पहिली पाच कॅलेंडर वर्षे, सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर या तिथल्या सरकारी निवृत्तिवेतन व आरोग्य योजनांची ७.६५ टक्के कपात होत नाही. पगारपत्रकावर ती चुकून दिसलीच, तर पगार विभागाकडे परत मागता येते. भोजनगृहात पाळीच्या वेळी एक जेवण मिळण्याची पद्धतही अनेक ठिकाणी आहे, आणि पहिल्या हिवाळ्यात त्या गरम जेवणाचे मोल केवळ डॉलरमध्ये मोजता येत नाही.

मात्र कॅम्पसवरचे काम पोहोचताच हमखास मिळते, असे मी तुम्हाला सांगणार नाही. त्या जागांसाठी शेकडो विद्यार्थी रांगेत असतात आणि पहिले सत्र अनेकदा कोरडेच जाते. म्हणून ते काम मिळाले तर आनंद मानायचा, पण पहिल्या वर्षाचा घरखर्च त्यावर उभा करायचा नाही. तुमच्या आय-२० चे, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठाने दिलेल्या प्रवेशाच्या दाखल्याचे, पहिले पान उघडून पाहा. त्यावर फी आणि राहण्याखाण्याचा अंदाजे खर्च लिहिलेला असतो आणि त्याखाली ते पैसे कुठून येणार आहेत तेही असते. व्हिसाच्या मुलाखतीत तुम्ही दोन्ही खर्चांची सोय आहे, असे दाखवले आहे. मग घरी बसल्यावर कर्ज फक्त फीचे आणि जेवण दुकानातल्या कामाचे, अशी फोड का झाली असावी? बाबांना कर्जाचा आकडा लहान ठेवायचा आहे, म्हणून. त्यांची काळजी खरी आहे, पण त्यावर शोधलेल्या उपायाने तारण ठेवलेले घरच जास्त धोक्यात येते.

बँकेला कर्ज सत्रागणिक हप्त्यांत द्यायला सांगा. पहिल्या दोन सत्रांची फी आणि राहण्याचा खर्च त्यातूनच घ्या. मधल्या काळात काम किंवा प्राध्यापकांकडे सहायकाची जागा मिळाली, तर तिसऱ्या सत्रात कमी उचला. वापरले नाही त्या पैशावर व्याज लागत नाही, हे बाबांना आवर्जून सांगा.

पुण्याच्या साहेबांचे रात्रीचे काम अनेकांना निरुपद्रवी वाटते, कारण पैसे भारतात, भारतीय खात्यात जमा होणार असतात. पण तुम्ही ते काम अमेरिकेत बसून करणार आहात, म्हणून ते बिनधोक आहे, असे गृहीत धरू नका. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात ज्यांना डीएसओ म्हणतात ते अधिकारी असतात. त्यांना लेखी विचारल्याशिवाय कुणालाही होकार देऊ नका. त्या अधिकाऱ्यांना विद्यार्थ्याने भ्यायचे कारण नसते. पत्ता बदलला की दहा दिवसांत कळवणे, विषय कमी करण्याआधी परवानगी घेणे, शिकत असताना इंटर्नशिपसाठी सीपीटी ही परवानगी मिळवणे, या प्रत्येक वेळी तुम्हाला त्यांच्याचकडे जावे लागेल. पहिल्याच आठवड्यात ओळख करून घ्या.

स्नेह्यांच्या मुलालाही तोडून बोलू नका. त्याने आपुलकीनेच विचारले असेल. “दादा, तुम्ही माझी आठवण ठेवलीत याचे फार बरे वाटले, पण कॅम्पसबाहेर काम करायला मला परवानगी नाही. पहिल्या आठवड्यात घर पाहायला आणि किराणा आणायला सोबत आलात, तर मोठी मदत होईल,” असे काहीसे लिहा. नव्या शहरात गाडी असलेला ओळखीचा माणूस लाभणे, ही त्या नोकरीपेक्षा कितीतरी उपयोगी गोष्ट आहे.

आता दुसरा प्रश्न, वर्षभर थांबण्याचा. येथे मला तुमच्या पत्रातले एक गृहीतक जपूनच तपासावेसे वाटते. तुम्ही लिहिले आहे की ‘दोन वर्षांनी तिकडे नोकरी लागली की कर्ज फिटेलच.’ लागेलही; तसे पुष्कळांचे झाले आहे. अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीयांची संख्या २०२३-२४ मध्ये ३,३१,६०२ होती आणि चीनला मागे टाकून आपण पहिल्या क्रमांकावर गेलो. पण याचा दुसरा अर्थ असा की तुमच्यासारखीच पदवी घेऊन, त्याच महिन्यांत, त्याच कंपन्यांकडे अर्ज करणारेही तितकेच आहेत. पदवीनंतर ओपीटी या परवानगीवर १२ महिने काम करता येते आणि तुमचा अभ्यासक्रम विज्ञान-तंत्रज्ञानाच्या अधिकृत यादीत असेल तर आणखी २४ महिने. तो त्या यादीत आहे की नाही, हे आय-२० वरील सीआयपी कोडावरून, म्हणजे अभ्यासक्रमाच्या वर्गीकरणाच्या क्रमांकावरून ठरते, अभ्यासक्रमाच्या नावावरून नाही. तेव्हा निघण्याआधी तो कोड विद्यापीठाला विचारून खात्री करून घ्या. ओपीटीच्या पहिल्या वर्षात एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त काळ बेरोजगार राहता येत नाही. त्यापुढचा एच-१बी हा नोकरीचा व्हिसा सोडतीचा मामला आहे: वर्षाला ८५ हजार जागा, त्यांतल्या २० हजार अमेरिकेतून उच्च पदवी घेतलेल्यांसाठी. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर केले, तेव्हा एका रात्रीत किती घरांतल्या किती बेतांची उलथापालथ झाली, ते मी जवळून पाहिले. ते शुल्क कुणाला लागू आणि कुणाला नाही, याचे खुलासे नंतर येत राहिले. तुमच्यापुरते त्यातून घ्यायचे ते एवढेच, की एच-१बी हिशेबाच्या कागदावर जमेच्या बाजूला लिहायचा नाही.

मग त्या कागदावर काय लिहायचे? परत आल्यावरचा हप्ता. ३८ लाख, ११ टक्के, १५ वर्षे धरली तर महिन्याला सुमारे ४३ हजार रुपये होतात, आणि शिकत असताना साचलेले व्याज यात धरलेलेच नाही. पूर्ण रक्कम उचलल्यावर ते व्याज वर्षाला ४ लाख १८ हजारांच्या घरात जाते. तुमचा पुण्यातला पगार ४८ हजार होता. एम.एस. करून परतल्यावर तो वाढलेला असेल, अशी आशा करायला जागा आहे. तरीही हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून बाबांना दाखवणे तुमचे कर्तव्य आहे, असे मला वाटते. मी हे घाबरवण्यासाठी लिहीत नाही. कर्जाचा सर्वांत वाईट दिवस कसा असेल हे ज्या घराने आधीच पाहून ठेवलेले असते, त्या घरातल्या मुलीला परदेशात बसून खोटे बोलावे लागत नाही.

माझे मत विचाराल तर असे आहे. पहिल्या पूर्ण वर्षाचे पैसे कोणतेही काम न धरता हाताशी असतील आणि हा हप्त्याचा आकडा पाहूनही तुम्ही आणि आईबाबा तयार असाल, तर जा. तुम्ही मेहनतीने मिळवलेला प्रवेश आहे आणि तुमच्या पत्रातून विषयाची खरी ओढ जाणवते. पण हिशेब मांडल्यावर पहिल्याच वर्षात खड्डा दिसत असेल, तर वर्षभर थांबण्यात काहीही कमीपणा नाही. विद्यापीठाला प्रवेश पुढील ऑगस्टपर्यंत राखून ठेवता येईल का, भरलेली अनामत रक्कम राहील का आणि नवा आय-२० केव्हा मिळेल, हे लेखी विचारा. बँकेला कर्जमंजुरीची मुदत विचारा. मात्र त्या वर्षात काय करणार हेही ठरवा: बचत वाढवणे, आर्थिक साहाय्य देणाऱ्या दुसऱ्या विद्यापीठांत अर्ज करणे, असे काहीतरी ठोस. केवळ भीती वाटते म्हणून थांबलात, तर पुढच्या जुलैत तीच भीती पुन्हा दारात उभी राहील. फ्लेक्सचा विचार या निर्णयात आणू नका. तो पावसाळ्याबरोबर उतरेल, हप्ता मात्र १५ वर्षे राहील.

तुम्ही न विचारलेल्या एका गोष्टीविषयी मला विस्ताराने लिहायचे आहे, कारण चांगल्या, कष्टाळू मुली तिथे अडखळलेल्या मी पाहिल्या आहेत. पुण्यात इंजिनीअरिंग केलेल्या कुणालाही सबमिशनचा आठवडा समजावून सांगावा लागत नाही. एकीचे जर्नल आणि त्यावरून रात्रीत उतरवलेली चार जर्नले. काचेखाली दिवा लावून गिरवलेली ड्रॉइंग शीट. ‘असाइनमेंट टाक ना ग्रुपवर’ हा मेसेज. यात आपल्याला कुणाची फसवणूक केल्यासारखे कधीच वाटले नाही, उलट देणारी मुलगी दिलदार समजली जायची. अमेरिकेत नेमके हेच कृत्य शैक्षणिक अप्रामाणिकपणा म्हणून नोंदवले जाते आणि बहुतेक ठिकाणी घेणारी आणि देणारी, दोघींवरही कारवाई होते. शिक्षा त्या विषयात नापास करण्यापासून थेट विद्यापीठातून काढून टाकण्यापर्यंत जाते, आणि काढून टाकले की व्हिसाचा प्रश्न लगेच उभा राहतो. दोन विद्यार्थ्यांचे प्रोग्रॅम मिळतेजुळते आहेत का, हे तपासणारी सॉफ्टवेअर प्राध्यापकांकडे असतात. नुसती व्हेरिएबलची नावे बदलून ती फसत नाहीत.

त्यामुळे प्रत्येक विषयाच्या पहिल्या तासाला मिळणारा सिलॅबस नीट वाचा. आपल्याकडे सिलॅबस म्हणजे धड्यांची यादी. तिथे तो गुण, मुदती, उशिरा दिल्यास होणारी कपात आणि मैत्रिणीशी किती चर्चा चालेल, एआयची मदत घेता येईल की नाही, हे सगळे सांगणारा जणू करारच असतो. शंका आली तर आधी विचारा. प्राध्यापक आठवड्यातून ठरलेल्या वेळी विद्यार्थ्यांसाठी दार उघडे ठेवून बसतात, त्याला ऑफिस अवर्स म्हणतात. आपल्या मुलांना वाटते की तिथे गेलो तर आपण कच्चे आहोत असे दिसेल. प्रत्यक्षात सहायकाची जागा देताना प्राध्यापकांना चेहरा आणि प्रश्न आठवतो तो तिथे येणाऱ्यांचाच. अशी जागा मिळाली, तर बऱ्याच ठिकाणी फी पूर्ण किंवा काही अंशी माफ होते आणि वर मासिक वेतनही मिळते. कर्ज कमी करण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही. केवळ तुमच्याच विभागात शोधू नका. ज्यांना आकडेवारी हाताळणारी मुलगी हवी असते, असे कृषी, सार्वजनिक आरोग्य किंवा शिक्षणशास्त्राचे विभाग डेटा सायन्सच्या विद्यार्थ्यांचे स्वागत करतात.

एम.एस.ला एका सत्रात साधारण ९ क्रेडिट घेणे पूर्णवेळ समजले जाते आणि गुणांची सरासरी ४ पैकी ३.० च्या खाली गेली की बहुतेक विद्यापीठांकडून ताकीद मिळते. लवकर पदवी घेऊन पैसे वाचवू, या हिशेबाने पहिल्याच सत्रात चार अवघड विषय घेऊ नका. तीन पुरेत.

घराबाबत सांगायचे तर करारावर सही करण्याआधी त्यातली भाड्याची जबाबदारी कुणाची, हे वाक्य शोधून काढा. अनेक करारांत सगळ्या भाडेकरूंवर पूर्ण भाड्याची संयुक्त जबाबदारी असते. माझ्या विद्यार्थिदशेत आम्ही तिघी राहत होतो. एकीने डिसेंबरात दुसऱ्या राज्यात इंटर्नशिप घेतली आणि ती निघून गेली. उरलेल्या आठ महिन्यांचा तिचा हिस्सा आम्ही दोघींनी भरला. तिचा राग आला होता, पण कागद वाचला नव्हता ही चूक आमची होती. शक्य असेल तिथे प्रत्येकीचा करार वेगळा असलेले घर घ्या. ताबा घेतानाच भिंती, गालिचा, शेगडी, न्हाणीघर यांचे तारखेसह फोटो काढून घरमालकाला ईमेलने पाठवा, म्हणजे अनामत रक्कम परत मिळताना वाद होत नाही. घर प्रत्यक्ष किंवा व्हिडिओवर पाहिल्याशिवाय आगाऊ पैसे पाठवू नका. भारतीय विद्यार्थ्यांच्या संघटना विमानतळावरून घेऊन जाण्याची आणि पहिले काही दिवस कुणाच्या तरी घरी राहण्याची सोय बहुतेक ठिकाणी करतात. त्यांचा अर्ज आत्ताच भरा. फोनवर कुणी स्वतःला इमिग्रेशन अधिकारी किंवा पोलीस म्हणवून अटकेची भीती घातली आणि गिफ्ट कार्ड विकत घेऊन क्रमांक सांगा म्हटले, तर फोन ठेवून द्या. सरकारी कार्यालये अशा रीतीने पैसे मागत नाहीत.

तब्येतीच्या बाबतीत निघण्याआधीच्या या काही आठवड्यांना फार किंमत आहे. दात तपासून घ्या, कारण विद्यार्थ्यांच्या विम्यात दात आणि डोळे बहुधा नसतात. चष्म्याच्या दोन जोड्या न्या. गोवराच्या एमएमआर लसीच्या दोन मात्रांचा दाखला विद्यापीठ मागेल. क्षयरोगाची चाचणीही होईल. आपल्याकडे लहानपणी बीसीजीची लस दिलेली असल्याने त्वचेवरची चाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून रक्तचाचणी करा, अशी विनंती आधीच करा. विमापत्रातील डिडक्टिबल, म्हणजे विमा कंपनी पैसे द्यायला लागण्याआधी स्वतः भरायची रक्कम, समजून घ्या. ताप-खोकल्यासाठी विद्यापीठाचे आरोग्य केंद्र किंवा अर्जंट केअर, आणि जिवावरचे दुखणे असेल तरच इमर्जन्सी, हा फरक लक्षात ठेवा. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये फिलाडेल्फियाला गेल्या आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या, हे आपण मुलींना अभिमानाने सांगतो. तिथली थंडी आणि न मानवणारे अन्न यांनी त्यांची प्रकृती ढासळत गेली आणि परतल्यावर काही महिन्यांतच, वयाच्या २१ व्या वर्षी त्या गेल्या, हे मात्र घाईने सांगून पुढे जातो. तुमच्या हाती आज औषध आहे, विमा आहे, फोन आहे. खोकला पंधरा दिवस अंगावर काढू नका. मन खचले, तरीही त्याच आरोग्य केंद्रात समुपदेशक असतात, आणि त्यांच्याकडे जाण्याचे पैसे बहुधा तुमच्या फीतच भरलेले असतात.

सामानाविषयी थोडक्यात लिहिते, कारण आई ते माझ्यापेक्षा चांगले जाणतात. मिक्सर मात्र ठेवून जा. तिथली वीज १२० व्होल्टची आहे आणि आपला मिक्सर २३० व्होल्टचा असतो. कुकर जरूर न्या, सोबत दोन जादा रिंगा आणि शिट्टी. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला न्या आणि विमानतळावर खाद्यपदार्थ आहेत, असे नोंदवा. नोंदवलेला पदार्थ चालत नसेल तर काढून घेतात, न नोंदवलेल्यासाठी दंड होतो. ओला कढीपत्ता नेऊ नका, लिंबूवर्गीय झाडांच्या रोगामुळे त्याला बंदी आहे. पहिली फोडणी कराल तेव्हा शेगडीवरचा पंखा लावा आणि खिडकी उघडा, नाहीतर मोहरी तडतडण्याआधीच धुराचा अलार्म वाजेल. कोट इथून विकत घेऊ नका. तिथल्या हिवाळ्याचा कोट तिथेच, ऑक्टोबरात घ्या.

आता तुमचा तिसरा प्रश्न. खरे तर पत्रातली तीच ओळ मला सर्वांत आधी भिडली होती. तुम्ही लिहिले आहे, ‘बाबांना वाटेल, आता ही मागे फिरते की काय.’ तुम्ही बाबांना ओळखता, मी नाही. पण ज्या माणसाने नोकरीभर रोज रात्री डेपोत वेबिल भरून तिकिटे आणि रोकड रुपयापर्यंत जुळवून दिली, तो हिशेबाला घाबरेल असे मला वाटत नाही. त्यांना भीती सांगू नका असे मी म्हणणार नाही, पण भीतीबरोबर कागद घेऊन बसा. त्यावर पहिल्या वर्षाचा महिनावार खर्च, कर्जातून कधी किती उचलायचे, परत यावे लागले तर हप्ता किती, आणि दुकानातले काम का घ्यायचे नाही, हे चार ओळींत लिहा. मग म्हणा, “बाबा, मला झोप येत नाही, कारण यातला हा एक आकडा जुळत नाही.” त्यांनाही झोप येत नसण्याची शक्यता आहे. घर त्यांनी तारण ठेवले आहे, आणि ते कुणाशी बोलले असतील असे तुमच्या पत्रावरून दिसत नाही.

आईंशी वेगळे बोला. त्यांना आकडे नको असतील. तिकडे गेल्यावर रोज फोन करण्याचे वचन देऊ नका, ते पाळता येत नाही आणि मग चुकलेल्या प्रत्येक फोनचा घोर दोन्हीकडे लागतो. तुमच्या शनिवारी सकाळी इकडे संध्याकाळ असते; ती वेळ पक्की करा. आणि त्या फोनवर ‘सगळे छान आहे’ हे वाक्य सवयीने म्हणणार नाही, एवढे स्वतःशी ठरवा. पहिल्या दीड-दोन महिन्यांत तुम्हाला एकटे वाटेल, वर्गातले इंग्रजी कळूनही विनोद कळणार नाहीत, आणि पुढे नोव्हेंबर-डिसेंबरात अंधार दुपारी साडेचारलाच पडू लागेल. जवळच्या मोठ्या शहरात महाराष्ट्र मंडळ असेल तर गणपतीला जा. विद्यार्थ्यांना तिथे जेवायला बसवून घेणारी माणसे भेटतात. पण रूममेट, मित्रमैत्रिणी, सगळेच मराठी किंवा भारतीय असू देऊ नका. एका तरी अभ्यासगटात परक्या मुलांबरोबर बसा.

प्रवासाच्या तारखेचेही पाहा. आय-२० वर लिहिलेल्या सुरुवातीच्या तारखेआधी ३० दिवसांपेक्षा लवकर अमेरिकेत प्रवेश मिळत नाही, आणि अगदी शेवटच्या दिवशी पोहोचलात तर घर, बँक, ओरिएंटेशन यांची एकदमच धांदल उडते. दहा-बारा दिवस आधी पोहोचा. पासपोर्ट, आय-२०, कर्जमंजुरीचे पत्र आणि लसींचे दाखले हातातल्या पिशवीत ठेवा, चेक-इन बॅगेत नाही. पोहोचल्यावर सरकारी संकेतस्थळावरून आय-९४, म्हणजे तुमच्या प्रवेशाची नोंद काढा आणि त्यावरचे नाव व एफ-१ हा दर्जा बरोबर आहे का ते तपासा. पुढच्या वर्षी कमाई झालेली नसली तरी कर खात्याचा फॉर्म ८८४३ भरावा लागतो; पगार मिळाला असेल तर १५ एप्रिलपर्यंत विवरणपत्रही भरावे लागते, आणि ते भरताना भारत-अमेरिका कर करारामुळे भारतीय विद्यार्थ्यांना प्रमाणित वजावट (स्टँडर्ड डिडक्शन) घेता येते, हे विसरू नका. पुष्कळ मुले ती सोडून देतात.

या रविवारी बाबांबरोबर बसा. सोमवारी विद्यापीठाला दोन ईमेल पाठवा: एक सहायकाच्या आणि कॅम्पसवरच्या जागांविषयी, दुसरा प्रवेश पुढे नेण्याची अखेरची तारीख विचारणारा. दुसऱ्याचे उत्तर हातात आल्यावरच जायचे की थांबायचे हे ठरवा, आणि जे ठरेल ते मला कळवा. सगळ्या कागदपत्रांची एक प्रत बाबांच्या कपाटात ठेवून निघा.